निळ्या शिरस्त्राणांमागचा मुलकी माणूस

आंतरराष्ट्रीय शांतिसेना म्हटली, की निळी शिरस्त्राणे घातलेले जवान आणि पांढऱ्या रंगाच्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. या फौजांच्या मोठ्या मोहिमांत सेनापतीच्याही वर एक मुलकी अधिकारी असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. तो गणवेश घालत नाही, शस्त्र बाळगत नाही. कोणाशी बोलायचे, फौज कोठे न्यायची आणि कोठून परत फिरायचे, याचा भार मात्र त्याच्या शिरावर असतो. ही जबाबदारी नेमकी कशी पार पाडायची, याचा कोणताही दाखला समोर नसताना ज्यांनी ती प्रथम पेलली, त्यांत राल्फ बंच यांचे नाव अग्रभागी आहे.

बंच यांचा जन्म अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ७ ऑगस्टचा. वर्ष काही नोंदींत १९०३, तर काहींत १९०४ असे आढळते. वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत. आई १९१७ मध्ये निवर्तली, वडील दुरावले आणि आजी लुसी जॉन्सन यांनी नातवंडांना लॉस एंजलिसमध्ये वाढवले. गुलामगिरीत जन्मलेल्या पिढीची ही मुलगी शरीराने लहानखुरी, पण कणखर होती. मान ताठ ठेवायची आणि कडवटपणा मात्र मनात साठू द्यायचा नाही, ही शिकवण नातवाने तिच्याकडून घेतली. शाळेत पहिला येऊनही केवळ वर्णामुळे शहरातील गुणवंत विद्यार्थ्यांच्या मंडळात त्याला जागा मिळाली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेत झाडलोटीची कामे करीत त्याने शिक्षण घेतले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. हार्वर्डचा प्रवेश मिळाला, तेव्हा खिशात पैसे नव्हते. शहरातील कृष्णवर्णीय महिलांच्या एका मंडळाने हजार डॉलरची वर्गणी जमवली आणि हा तरुण पूर्वेकडे रवाना झाला.

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी १९२८ पासून अध्यापन केले आणि तेथे राज्यशास्त्र विभागाची उभारणी केली. पश्चिम आफ्रिकेतील टोगोलँड आणि डाहोमे या प्रदेशांतील फ्रेंच कारभारावर त्यांनी प्रबंध लिहिला. १९३४ मध्ये हार्वर्डने त्यांना डॉक्टरेट दिली. अमेरिकन विद्यापीठातून राज्यशास्त्रात ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. पुढे स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांच्या अमेरिकेतील वर्णप्रश्नावरील सुप्रसिद्ध अभ्यासात ते प्रमुख सहकारी होते. वसाहतींचा हा अभ्यास त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारी सेवेत आणि तेथून १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेपर्यंत घेऊन गेला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील वसाहती आणि विश्वस्त प्रदेशांविषयीच्या कलमांच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. त्यानंतर १९४६ मध्ये ते राष्ट्रसंघाच्या सचिवालयात आले ते कायमचेच.

पॅलेस्टाइनचा प्रश्न त्यांच्याकडे आला तो लेखनिकाच्या वाटेने. या प्रश्नावरील राष्ट्रसंघाच्या समितीचे १९४७ मध्ये एकमत होईना. बहुसंख्य सदस्यांना फाळणी हवी होती. भारताचे प्रतिनिधी सर अब्दुर रहमान यांच्यासह तीन देशांना संघराज्य हवे होते. समितीच्या सेवेत असलेल्या बंच यांनी बहुमताच्या आणि अल्पमताच्या, अशा दोन्ही अहवालांचे मसुदे तयार केले. परस्परविरोधी पक्षांची बाजू त्यांच्या समाधानाइतक्या नेमकेपणाने मांडता येणे, हे कौशल्य पुढे त्यांच्या फार कामी आले.

इस्रायलची स्थापना आणि अरब देशांशी युद्ध या दोन्ही घटना मे १९४८ मधल्या. राष्ट्रसंघाने स्वीडनचे काउंट फोल्क बर्नाडॉट यांना मध्यस्थ नेमले आणि बंच यांना त्यांच्यासमवेत पाठवले. जूनमध्ये पहिला युद्धविराम झाला. त्यावर देखरेख ठेवण्यासाठी नि:शस्त्र लष्करी निरीक्षक नेमण्याची पद्धत तेव्हा सुरू झाली. १७ सप्टेंबर रोजी जेरुसलेममध्ये ज्यू अतिरेक्यांच्या लेही या गटाने बर्नाडॉट यांची गोळ्या घालून हत्या केली. बंच त्या दिवशी त्यांना जेरुसलेममध्ये भेटणार होते. वाटेत त्यांना उशीर झाला. मोटारीत बर्नाडॉट यांच्या शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल आंद्रे सेरो हेही मारले गेले. ज्या कामापायी वरिष्ठाचा बळी गेला, तेच काम दुसऱ्या दिवसापासून बंच यांच्याकडे आले.

जानेवारी १९४९ मध्ये ऱ्होड्स बेटावरील एका हॉटेलात इजिप्त आणि इस्रायल यांची शिष्टमंडळे उतरली. समोरासमोर बसायची इजिप्तची तयारी नव्हती. बंच यांनी आधी दोघांशी स्वतंत्रपणे बोलणी केली. मग केवळ कार्यक्रमपत्रिकेवर त्यांची संमती मिळवली. मोठ्या प्रश्नाला हात घालण्याआधी लहानसहान बाबींवर सह्या करण्याची सवय दोन्ही पक्षांना लागली पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. बैठका रात्र रात्र चालत. मध्येच तणाव वाढला, की ते हॉटेलातील बिलियर्डच्या टेबलापाशी जाऊन खेळत. स्थानिक कारागिरांकडून त्यांनी स्मरणचिन्हे म्हणून चिनी मातीची तबके आधीच करून घेतली होती. करार झाला तर ती प्रतिनिधींना भेट मिळतील आणि न झाला तर त्यांच्याच डोक्यावर फोडली जातील, असे ते थट्टेने म्हणत.

या वाटाघाटींतील एक कळीचा मुद्दा फालुजाचा होता. तेथे इजिप्तची एक ब्रिगेड इस्रायली वेढ्यात अडकली होती आणि तिच्या सुटकेची अट कैरो सोडायला तयार नव्हते. त्या वेढ्यात गमाल अब्दुल नासर नावाचा एक तरुण अधिकारी होता. २४ फेब्रुवारीला इजिप्तशी शस्त्रसंधी झाली. मार्चमध्ये लेबाननशी, एप्रिलमध्ये जॉर्डनशी आणि जुलैमध्ये सीरियाशी. फालुजाची ब्रिगेड मायदेशी परतली. बंच आणि नासर यांची गाठ मात्र पुढे दोनदा पडायची होती.

या कामगिरीबद्दल १९५० चे नोबेल शांतता पारितोषिक बंच यांना मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. राष्ट्रसंघाच्या सेवकाने कर्तव्याबद्दल बक्षीस घेऊ नये, असे वाटून ते नकार देण्याच्या विचारात होते. सरचिटणीस ट्रिग्वे ली यांनी त्यांना राजी केले. याच सुमारास अध्यक्ष ट्रुमन यांच्या सरकारने देऊ केलेले परराष्ट्र खात्यातील उच्च पद त्यांनी नाकारले होते. वर्णभेद पाळणाऱ्या वॉशिंग्टनमध्ये मुलाबाळांना पुन्हा वाढवणे त्यांना मान्य नव्हते. जगाने गौरवलेल्या या माणसावर १९५४ मध्ये कम्युनिस्ट संबंधांचा आरोप ठेवून स्वदेशातच चौकशी झाली. त्यातून ते पूर्ण निर्दोष ठरले.

सुएझच्या पेचप्रसंगाने १९५६ मध्ये शांतिसेनेची कल्पना प्रथमच प्रत्यक्षात आली. निरीक्षकांऐवजी सशस्त्र तुकड्या पाठवायच्या होत्या आणि त्याही काही दिवसांत. सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी जुळवाजुळवीचे काम बंच यांच्याकडे सोपवले. २४ देशांनी सैनिक देऊ केले. त्यांतील दहा देशांचे घेतले गेले आणि त्यांत भारत होता. बड्या राष्ट्रांच्या फौजा दूर ठेवण्यात आल्या. हे सैनिक दुरून ओळखू यावेत म्हणून अमेरिकी शिरस्त्राणांच्या आतील आवरणांवर निळा रंग फवारला गेला. सुमारे सहा हजारांचे हे दल सिनाई आणि गाझात उभे राहिले. इस्रायलने आपल्या भूमीवर त्याला थारा दिला नाही. इजिप्तच्या संमतीवरच त्याचे अस्तित्व अवलंबून राहिले. ही संमती देणारे अध्यक्ष होते नासर.

बंच यांची सर्वांत अवघड परीक्षा काँगोत झाली. ३० जून १९६० रोजी बेल्जियमपासून स्वतंत्र झालेल्या या देशात ते हॅमरशोल्ड यांचे प्रतिनिधी म्हणून आले, तेव्हा तांत्रिक साहाय्याची आखणी एवढाच हेतू होता. आठवड्याच्या आत लष्करात बंड झाले. बेल्जियन अधिकारी आणि तज्ज्ञ देश सोडू लागले, बेल्जियमचे सैनिक परत उतरले आणि ११ जुलैला खनिजसंपन्न कटांगा प्रांताने फुटून निघाल्याची घोषणा केली. १४ जुलैला सुरक्षा परिषदेने फौज पाठवण्याचा ठराव केला; दुसऱ्याच दिवशी पहिल्या तुकड्या उतरू लागल्या. जनरल फॉन हॉर्न येऊन पोचेपर्यंत या फौजेची सूत्रे बंच यांच्याच हाती होती. तुकड्यांची वाटणी करायची, रुग्णालये आणि विमानतळ चालू ठेवायचे आणि त्याच वेळी पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांचा वाढता संताप झेलायचा, अशी ती तिहेरी कसरत होती.

कटांगात राष्ट्रसंघाची फौज तत्काळ शिरावी, असा लुमुंबांचा आग्रह होता. वाट चाचपण्यासाठी ४ ऑगस्टला बंच एलिझाबेथव्हिलला गेले. फुटीर नेते मोईज चोम्बे आणि त्यांचे सहकारी सशस्त्र प्रतिकाराची भाषा बोलत होते. आपले सैनिक गोळीबार करीत आत शिरले, तर शांतिसेना आणि आक्रमक सेना यांत फरक काय उरेल, हा प्रश्न बंच यांच्यापुढे होता. फौज पाठवणे पुढे ढकलावे, असा सल्ला त्यांनी दिला आणि हॅमरशोल्ड यांनी तो मानला. काही दिवसांनी, १२ ऑगस्टला, हॅमरशोल्ड स्वतः तुकडी घेऊन रक्तपाताविना तेथे उतरले. पण दरम्यान लुमुंबांचा राष्ट्रसंघावरचा विश्वास उडाला होता. ऑगस्टअखेरीस बंच न्यूयॉर्कला परतले आणि सप्टेंबरात भारताचे राजेश्वर दयाल मोहिमेचे प्रमुख झाले. पुढच्या जानेवारीत लुमुंबांची हत्या झाली. सप्टेंबर १९६१ मध्ये हॅमरशोल्ड विमान अपघातात गेले. काँगोतील तो सल्ला योग्य होता की दुबळा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

पुढील वर्षांत येमेन, सायप्रस आणि १९६५ च्या भारत-पाक युद्धानंतरची युद्धविरामाची देखरेख, ही सारी कामे बंच यांच्या टेबलावरून गेली. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी मंदावत होती. त्याही अवस्थेत १९६५ मध्ये ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या समवेत सेल्मा ते मंटगमेरी या मोर्चात चालले.

मे १९६७ मध्ये नासर यांनी सिनाईतील शांतिसेनेला हलण्यास सांगितले, तेव्हा तिचे सेनापती भारताचे मेजर जनरल इंदरजित रिखये होते. यजमान देशाची संमती संपली, की फौजेला राहण्याचा अधिकार उरत नाही, हे तत्त्व अकरा वर्षांपूर्वी मान्य झाले होते. भारत आणि युगोस्लाव्हिया यांनीही इजिप्तच्या इच्छेविरुद्ध जवान ठेवण्यास नकार दिला. सरचिटणीस ऊ थांट यांनी माघारीचा आदेश काढला. या निर्णयामागे बंच यांचाही सल्ला होता. ५ जूनला युद्ध पेटले. माघारीच्या वाटेवर असलेले भारतीय जवान गाझात बळी पडले. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी राष्ट्रसंघावर टीकेची झोड उठवली. ज्या बळावर बंच यांनी ऱ्होड्सचे करार घडवले, त्या संमतीनेच त्यांनी उभारलेली फौज हटवली.

प्रकृती पार ढासळल्यामुळे १९७१ मध्ये ते निवृत्त झाले आणि ९ डिसेंबर रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्या दिवशी भारतीय उपखंडात युद्ध चालू होते आणि युद्ध थांबवण्याची राष्ट्रसंघाची हाक कोणी ऐकत नव्हते. राष्ट्रसंघाच्या मुख्यालयासमोर एक लहानसे उद्यान आज त्यांच्या नावाने आहे.

नि:शस्त्र अधिकाऱ्याचे बळ किती, या प्रश्नाला बंच यांच्या आयुष्याने दोन उत्तरे दिली. भांडणारे दोन्ही पक्ष थकलेले आणि बोलायला राजी असतील, तर असा माणूस सैन्यापेक्षा अधिक साधू शकतो. एका पक्षालाही युद्धच हवे असेल, तर त्याला बाजूला व्हावे लागते. ही मर्यादा पूर्णपणे जाणूनही प्रत्येक वेळी पुन्हा नव्याने टेबलापाशी बसण्याची चिकाटी बंच यांच्यापाशी होती. लढणाऱ्यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मोहिमेचा मुलकी प्रमुख आजही याच चिकाटीच्या आधारे काम करतो.