टिटवे हाती घेणाऱ्या सावित्रीबाई



नोव्हेंबर हा आपल्या मृतांची आठवण करण्याचा महिना. आपण दफनभूमीत जातो, कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. याच महिन्यात आपल्या पुण्यात निघालेल्या एका अंत्ययात्रेविषयी आज सांगावेसे वाटते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी महात्मा जोतीराव फुले वारले. आपला देह मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु राहत्या वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन ठरले. तिरडीपुढे टिटवे कोणी धरायचे, यावरून वाद झाला; कारण जो टिटवे धरील तो वारस, अशी रीत. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत हा एका विधवेच्या पोटी जन्मलेला. भाऊबंदांनी त्याला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी स्वतः टिटवे हाती घेतले, यात्रेच्या पुढे चालल्या आणि पतीच्या चितेला अग्नी दिला.

त्या काळी स्त्रिया स्मशानात जात नसत. विधवेने शोक कसा करायचा हे समाज ठरवी. ब्राह्मण घरांत तर तिचे केशवपन करून तिला कोपऱ्यात बसवीत. अशा विधवांसाठी फुले पतिपत्नीने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते.

पुढे १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. रोग्याला सरकारी माणसे उचलून नेतील, या भीतीने लोक आजारी माणसांना लपवून ठेवीत. डॉक्टर झालेल्या यशवंताने हडपसरजवळ दवाखाना काढला. वयाची पासष्टी ओलांडलेल्या सावित्रीबाई तेथे रोग्यांची सेवा करीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले, असे सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज आपल्या आयाबहिणी दफनभूमीत येतात, त्यांना कोणी अडवीत नाही. ही मोठी सुधारणा झाली. पण मरण मात्र घरातून आयसीयूत गेले आहे. आजाऱ्याच्या अभ्यंगासाठी मला बहुधा उशिराच बोलावणे येते. फादरना पाहून पेशंट घाबरेल, अशी घरच्यांना भीती वाटते. मी पोहोचतो तेव्हा अनेकदा तो बेशुद्ध असतो. त्याला कोणाची क्षमा मागायची होती, मुलांना काही सांगायचे होते, ते सारे राहून जाते. आपण त्याला जपतो, असे आपल्याला वाटते. खरे तर आपण स्वतःलाच जपत असतो.

सावित्रीबाई मरणाऱ्यांपासून दूर गेल्या नाहीत. आपल्या घरात कोणी आजारी असेल, तर या आठवड्यात त्याच्या उशाशी बसा. त्याला बोलू द्या. आणि मला वेळेवर बोलवा.

तुमचा धर्मगुरू