विश्लेषण : चित्रपटाआधी दादासाहेब फाळके कोणत्या कागदाशी झुंजत होते?

कर्जतहून खोपोलीकडे जाणारी लोकल सर्वात आधी थांबते ती पळसदरीला. येथूनच खोपोलीची शाखा वेगळी होते आणि पुण्याकडे जाणारा मुख्य मार्ग बोरघाट चढू लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच घाटाच्या माथ्यावर, लोणावळ्यात, एका छापखान्यात प्रकाशाला संवेदनशील असलेल्या कागदाचे काम चालत असे. छापखाना धुंडिराज गोविंद फाळके यांचा होता. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ते सर्वांना माहीत आहेत, पण कॅमेऱ्यामागे उभे राहण्याआधी त्यांनी जवळपास वीस वर्षे प्रकाश, रसायने आणि जिलेटिन यांच्यासोबत काढली. ‘राजा हरिश्चंद्र’ घडला तो या तयारीवर.

फाळके फोटोग्राफीकडे कसे वळले?

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. मुंबईत विल्सन कॉलेजात त्यांना अध्यापनाची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. कला शाळेत दाखल झाले. पुढे थोरल्या भावासोबत ते बडोद्याला गेले आणि तेथील कलाभवनात शिकू लागले.

कलाभवनाचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ. या विद्यार्थ्याचा हात आणि चिकाटी ओळखून त्यांनी फोटोग्राफीचा स्टुडिओ व प्रयोगशाळा वापरायची मोकळीक दिली. छायाचित्रण, फोटो-लिथोग्राफी, तीन रंगांचे ठसे तयार करणे ही सारी कामे फाळके येथे हाताने शिकले. त्या काळी छायाचित्रकाराला रसायने स्वतः तोलून, मिसळून, गाळून घ्यावी लागत. तयार डबा उघडला आणि काम झाले, असे नव्हते.

गोध्र्याला त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. मात्र १९०० च्या प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघेही दगावले. फाळके बडोद्याला परतले, पण व्यवसाय बसेना. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढला की माणूस मरतो, अशी भीती लोकांत पसरली होती. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही करत. त्यासाठी आडनावाची अक्षरे उलटसुलट करून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे सासरचे नाव सरस्वती. पुढच्या साऱ्या कहाणीत या बाईंचा वाटा निम्म्याने आहे.

लोणावळ्याचा छापखाना कशासाठी होता?

१९०३ मध्ये फाळके यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशा-आरेखक म्हणून नोकरी लागली. वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ उभी राहिली, तेव्हा त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्यात ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ सुरू केले.

जागेची निवड सोयीची होती. राजा रविवर्मा यांचा चित्र-छापखाना लोणावळ्याजवळच मळवलीला होता. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची घरोघरी पोचलेली रंगीत चित्रे तेथे छापली जात. फाळके यांच्या छापखान्याचे मुख्य काम या छापखान्यासाठी फोटो-लिथो ट्रान्स्फर तयार करून देण्याचे होते. सोप्या शब्दांत सांगायचे तर, फोटोतील प्रतिमा खास कागदावर उतरवायची आणि त्या कागदावरून छपाईच्या दगडावर.

हा कागद काम कसा करतो?

कागदावर जिलेटिनचा पातळ थर चढवतात. तो बायक्रोमेट या नारिंगी क्षाराच्या द्रावणात भिजवून अंधारात वाळवतात. आता हा कागद प्रकाशाला संवेदनशील झाला. त्यावर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरले की जेथे प्रकाश पोचतो तेथील जिलेटिन घट्ट होते आणि पाणी शोषेनासे होते. जेथे प्रकाश पोचत नाही तेथील जिलेटिन मऊच राहते.

मग कागदावर तेलकट शाई फिरवून तो पाण्याने ओला करतात. मऊ भाग पाणी पितो, त्यावर शाई टिकत नाही. घट्ट भागावर मात्र शाई धरून राहते. असा कागद दगडावर पालथा घालून दाबला की शाईची प्रतिमा दगडावर उतरते. दगडावरून मग शेकडो प्रती निघतात.

कागद सपाट राहणे इतके महत्त्वाचे का?

कारण रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. सारे दगड एकमेकांशी तंतोतंत जुळायला हवेत. कागद कुठे वाकला, ताणला किंवा आकसला, तर ओठांचा लाल रंग ओठांबाहेर जातो आणि साडीचा काठ पदरापासून सुटतो. पापुद्र्यासारखा उचललेला कागद निगेटिव्हला नीट चिकटत नाही आणि त्या जागी प्रतिमा धूसर होते.

असा कागद वाकतो तो त्याच्या दोन थरांमुळे. मागचा थर कागदाचा, पुढचा जिलेटिनचा. जिलेटिन दमट हवेत कागदापेक्षा अधिक फुगते आणि कोरड्या हवेत अधिक आकसते. कोरड्या दिवसांत कागद लेपाच्या बाजूने गुंडाळू लागतो. त्यावर जगभर काही उपाय रूढ झाले. कागदाच्या पाठीलाही जिलेटिनचा थर द्यायचा, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते. लेपात थोडे ग्लिसरीन घालायचे, म्हणजे तो पूर्ण कोरडा होऊन आखडत नाही. वाळवताना कागद सारख्या ताणाखाली किंवा वजनाखाली ठेवायचा. कोडॅक कंपनीने १९०३ मध्ये पाठीवर जिलेटिन दिलेली, न गुंडाळणारी फिल्म बाजारात आणली ती याच तत्त्वावर.

अमेरिकेत लिओ बेकलंड या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने ‘व्हेलॉक्स’ हा फोटोचा कागद तयार केला, तेव्हा त्यालाही उन्हाळ्यातील दमट हवेने छळले. हवा थंड करून तिच्यातील ओल काढण्याची सोय त्याला कारखान्यात करावी लागली. १८९९ मध्ये कोडॅकने त्याची कंपनी विकत घेतली. पुढे प्लास्टिकच्या युगाची सुरुवात करणारे ‘बेकेलाइट’ शोधणारा तो हाच.

बोरघाटाच्या माथ्यावर पावसाळा कसा असतो, हे कर्जत-खालापूरकरांना सांगायला नको. अशा हवेत बायक्रोमेट लावलेला कागद अंधारात ठेवला तरी आपोआप घट्ट होऊ लागतो आणि वाया जातो. म्हणून आज लेप दिलेला कागद लगेच वापरावा लागतो. येथे साठा करून निवांत राहण्याची सोय नसते. हवेचा अंदाज घेत रोज नव्याने प्रमाण ठरवणे, हे या धंद्याचे खरे कसब होते.

छापखाना का सुटला?

पुढे छापखाना मुंबईत दादरला आला, भागीदार बदलले आणि नाव ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला गेले. छपाईला नाव मिळाले, पण भागीदारांशी मतभेद वाढले. अखेर पदरात काही न घेता ते बाहेर पडले. वयाची चाळिशी उलटली होती, घरात मुले होती आणि हाती पैसा नव्हता.

याच सुमारास गिरगावात तंबूतल्या पडद्यावर त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर राम आणि कृष्ण का दिसू नयेत, या विचाराने त्यांना घेरले. रोज चित्रपट पाहायचे, रात्री जागून प्रयोग करायचे, झोप जेमतेम घ्यायची, असे महिने गेले. त्याची किंमत डोळ्यांनी मोजली. त्यांची दृष्टी गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली, पण प्रकाशावर जगणाऱ्या माणसासाठी हा इशारा साधा नव्हता.

पैसा कोठून आला?

आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून त्यांनी कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. ‘बायस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने त्यांना सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहता आला. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र त्यांनी खरेदी केले, कोडॅकची कच्ची फिल्म मागवली आणि दोन महिन्यांत ते परतले.

भांडवलदारांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत रोप लावून त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. बी रुजून वेल होईपर्यंतचा प्रवास पडद्यावर काही क्षणांत दिसला. तरीही पैसे पुरेनात. तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

सरस्वतीबाईंचे काम नेमके काय होते?

कच्ची फिल्म त्या वेळी कडांना छिद्रे न पाडलेली मिळे. कॅमेऱ्यातले दाते ज्या छिद्रांत अडकतात ती आपल्यालाच पाडावी लागत आणि तीही अंधारात. एका फुटात १६ चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे. म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती. एवढ्या फिल्मला ४ लाख ७३ हजारांहून अधिक छिद्रे लागतात. हा हिशेब फक्त एका प्रतीचा आहे, निगेटिव्हचा वेगळा. छिद्र किंचित सरकले तरी पडद्यावर चित्र थरथरते. फिल्मवरही जिलेटिनचाच थर असल्याने ती गुंडाळू पाहते. कॅमेऱ्याच्या खिडकीत ती सपाट बसली नाही, तर चित्र अस्पष्ट होते.

हे काम सरस्वतीबाई शिकल्या. रसायने मिसळणे आणि फिल्म धुणेही शिकल्या. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, कपडे धुणे आणि उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे. रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्म. चित्रपटात काम करायला एकही स्त्री तयार झाली नाही, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. मात्र त्या चित्रपटाच्या प्रत्येक फुटावर एका स्त्रीचा हात होता.

वांगणीला काय घडले?

बाहेरच्या दृश्यांसाठी फाळके यांनी निवडले ते कर्जतच्याच वाटेवरचे वांगणी. मंडळी पुढे पोचली. त्यांच्याजवळच्या ढाली-तलवारी पाहून गावात दरोडेखोर शिरल्याचा बोभाटा झाला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. फाळके आल्यावर त्यांनी कॅमेरा मांडून दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली.

तेथेच रोहिदासाचे काम करणारा त्यांचा मुलगा भालचंद्र खडकावर पडून डोक्याला जखमी झाला. त्याला मुंबईला हलवावे, असे सोबतच्यांचे मत होते. प्रथमोपचार झाल्यावर फाळके यांनी मृत रोहिदासाचे दृश्य त्या बेशुद्ध मुलावरच चित्रित केले. हा प्रसंग निष्ठेचा म्हणून सांगितला जातो. एका बापाने काय डावावर लावले होते, हेही त्यातून दिसते.

सुमारे सात महिन्यांत चित्रपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मेपासून कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी खुला झाला.

पुढे काय झाले?

फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. पहिल्या महायुद्धात परदेशी कच्ची फिल्म मिळणे कठीण झाले आणि पैशाचा ओघही आटला. १९१७ च्या ‘लंकादहन’ने हात दिला. १९१८ मध्ये ‘हिंदुस्तान फिल्म्स’ स्थापन झाली आणि ‘श्रीकृष्णजन्म’ व ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पुन्हा भागीदारांशी बिनसले. ते काशीला गेले, परतले, पण बोलपटाच्या काळाशी त्यांचे जमले नाही. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. बेकलंडचे निधन बरोबर एका आठवड्याने, २३ फेब्रुवारीला झाले.

आज काय उरले आहे?

१९६९ पासून केंद्र सरकार त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या ३,७०० फुटांपैकी मात्र सुमारे १,४७५ फूटच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. ते १९१३ चे की फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ती फिल्म नायट्रेटची होती. उष्ण, दमट हवेत ती आकसते, चिकटते, तिची भुकटी होते आणि ती सहज पेटतेही.

लोणावळ्याच्या छापखान्यात ज्या ओलीशी फाळके यांची गाठ पडली, तीच ओल त्यांच्या चित्रपटांनाही पुरून उरली. रविवर्मा यांची रंगीत चित्रे मात्र अजून कित्येक देवघरांत लटकलेली दिसतात. अशी चित्रे दगडावर उतरवण्यासाठी कागद लेपणाऱ्या, वाळवणाऱ्या आणि सपाट राखणाऱ्या हातांत काही काळ फाळके यांचेही हात होते.