दगडातले आईबाप

केटे कोलविट्झ यांचा जन्म ८ जुलै १८६७ रोजी तेव्हाच्या प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे झाला. पती कार्ल हे बर्लिनच्या कामगार वस्तीतले डॉक्टर. तेथल्या पिचलेल्या बायाबापड्या केटे यांच्या चित्रांतून दिसू लागल्या.

१९१४ साली महायुद्ध पेटले. धाकटा मुलगा पीटर अवघा १८ वर्षांचा. सैन्यात जायला वडिलांची संमती हवी होती आणि वडील राजी नव्हते. आईनेच मन वळवून ती मिळवून दिली. ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला.

त्याचे स्मारक करायचे आईने ठरवले. पहिल्या कल्पनेत पीटर आडवा पडलेला होता. काम कितीदा थांबले, पुन्हा सुरू झाले. अखेर १९३२ मध्ये, मुलगा जगला जवळजवळ तितक्याच वर्षांनी, ते बेल्जियममधील सैनिकांच्या दफनभूमीत उभे राहिले. त्यात पीटर नाही; तलवार नाही, झेंडाही नाही. वेगवेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकलेले आई आणि बाप आहेत. बापाने स्वतःलाच घट्ट कवटाळले आहे, आई पुढे वाकली आहे. चेहरे केटे आणि कार्ल यांचेच.

१९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना कला अकादमी सोडायला लावली. १९४२ मध्ये नातूही रशियात पडला. त्याचेही नाव पीटरच. २२ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपत आले असताना, केटे वारल्या.

ते शिल्प आज व्लाड्स्लो येथे २५ हजारांहून अधिक सैनिकांच्या दफनभूमीत आहे. स्मारके बहुधा पराक्रम सांगतात. हे स्मारक म्हणजे, मला वाटते, आईने मुलाची मागितलेली क्षमा आहे.