देवासचे कुमार गंधर्व

उज्जैनीहून जवळच असलेल्या देवासला १९४८ साली एक तरुण गवई क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन, मालव्याच्या कोरड्या हवेच्या आशेने राहावयास आला. ते शिवपुत्र कोमकळी, अर्थात् पं. कुमार गंधर्व. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळील सुळेभावी येथे. बालवयातच त्यांनी मैफली गाजविल्या. पुढे मुंबईस प्रा. देवधरांपाशी रीतसर शिक्षण झाले. आणि ऐन उमेदीत गाण्यास मनाई झाली! पत्नी भानुमतींनी अहोरात्र शुश्रूषा केली. त्या सक्तीच्या मौनात, अंथरुणावर पडल्या पडल्या, मालवी बायकांची गाणी आणि नाथपंथी जोग्यांचे निर्गुण त्यांच्या कानी पडले. हेच सूर आपल्याही दारावरून पिढ्यान् पिढ्या गेले. आपण मूठभर पीठ घातले नि दार लोटले. कुमारजींनी मात्र ते साठवले.

काही वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा एक फुफ्फुस निकामी झाले होते. पण आखूड दमातून धारदार स्वर निघाले. लोकधुनांतून मालवती, लगनगंधार असे राग उमलले. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला. कबिराच्या निर्गुणी भजनांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर पोहोचल्या. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांनी देह ठेवला. त्या मुद्रिका आजही ऐकाव्यात. दारावरचा जोगी त्यांत भेटतो.