शेवटच्या कडव्यातला वामन

सकाळी चुडाव्याहून नांदेडची गाडी पकडली, की आधी कानात इअरफोन जातात. लिंबगाव येईपर्यंत दोन-तीन गाणी सहज होतात. एप्रिलचे दिवस असले, तर त्यात एखादं भीमगीत हमखास असतं, डीजेवर चढवलेलं. पुढच्या वेळी ते शेवटपर्यंत ऐकून बघा. मध्येच पुढचं लावू नका. बऱ्याचदा शेवटच्या कडव्यात एक नाव येईल, वामन.

हे वामन तबाजी कर्डक. अख्खा महाराष्ट्र त्यांना वामनदादा म्हणतो. (जलसे काढणारे भीमराव कर्डक वेगळे, आडनावावरून घोळ करू नका.) जन्म 15 ऑगस्ट 1922चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. वडील लवकर गेले. गुरं राखणं, मोळ्या विकणं यातच बालपण सरलं, शाळा राहिलीच. मग मुंबई. शिवडीची बीडीडी चाळ, कधी कोळशाची वखार, कधी गिरणी. समता सैनिक दलात लाठीकाठीही करायचे.

चाळीत एकदा कुणीतरी पत्र घेऊन आलं आणि जरा वाचून दाखव म्हणालं. चांगला धडधाकट, बोलका पोरगा, याला वाचता येत असणारच असं त्या माणसाला वाटलं. वामनदादांना अक्षरही येत नव्हतं. ही लाज त्यांना झोंबली. तुम्हाआम्हाला नापास झाल्यावर वाटतं तशी नव्हे, त्याहून कितीतरी खोल. त्यांनी देहलवी नावाच्या मास्तरांना गाठलं आणि बाराखडीपासून सुरुवात केली. जोडाक्षरं कुठे गिरवली? रस्त्यावर. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत.

आणि मग 1943 सालच्या मे महिन्यात एका हिंदी गाण्याच्या चालीवर त्यांनी विडंबन रचलं. ते पहिलं गाणं. लोक हसले, त्यांनाही मजा आली आणि पुढे लिहीतच गेले.

योगायोग बघा. त्याच 1943 साली अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या कापसाच्या रानातून मडी वॉटर्स नावाचा एक काळा गायक शिकागोला पोटासाठी निघाला. पुढे जगाने त्याला आधुनिक शिकागो ब्लूजचा बाप मानलं. आपल्या परभणीकडच्या काळ्या रानात कापूस वेचणाऱ्या बायांना ब्लूज म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच, की ब्लूजमध्ये बहुतेक वेळा एकट्याचं दुःख असतं. वामनदादांनी स्वतःचं दुःख मागे ठेवलं. त्यांचा पहिला संसार मोडला, लहानगी लेक गेली. पण गाणी झाली ती बाबासाहेबांची, बुद्धाची, कष्टकऱ्यांची. देशातल्या संपत्तीत आमचा वाटा कुठे आहे, असं बड्या उद्योगपतींची नावं घेऊन विचारणारं गाणं त्यांनी लिहिलं, तेही लोक टाळ्या वाजवत म्हणतील अशा चालीत! हे सोपं काम नाही.

1959च्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या चित्रपटातही त्यांचं गाणं आहे. तिथेच थांबले असते, तर कदाचित बरे दिवस आले असते. पण ते गावोगाव फिरत राहिले. ढोलकी, पेटी, समोर चटईवर बसलेली माणसं, मानधन मिळेल तेवढं. गाणी हजारोंनी लिहिली. ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे गीतसंग्रह आले ते थेट सत्तरच्या दशकात, पण तोवर गाणी पाठ झालेली होती. ऐकणाऱ्यांतल्या कित्येकांना वाचता येत नव्हतं. ते काय असतं, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं.

अशी गाणी हातोहात जातात. एकाने लिहायचं, दुसऱ्याने गायचं, तिसऱ्याने कॅसेट काढायची. लिहिणाऱ्याचं नाव कुठे उरणार? म्हणून ते शेवटच्या ओळीतच विणायचं, तुकोबा आणि जनाबाईंच्या अभंगांत असतं तसं. जनाबाई तर आपल्या गंगाखेडची. पाट्या वाचून अक्षरं शिकलेल्या माणसाने आपल्या नावाची पाटी अशी गाण्यातच लावून टाकली.

15 मे 2004 रोजी वामनदादा गेले. तुमच्यातले बरेचजण तेव्हा जन्मलेही नव्हते. आता त्यांच्या गाण्यांच्या तीस सेकंदांच्या रील्स फिरतात. धृपद असतं, ठेका असतो. शेवटचं कडवं तेवढं कापलेलं असतं.