नाथांच्या भारुडाला अंग लागतं

गावची जत्रा ठरली की भारुडाची सुपारी देण्याचा विषय निघतोच. पारापुढं एखादा बुवा लुगडं नेसून उभा राहतो, नुसता पदर सावरतो, अन् तोंड उघडायच्या आधीच मंडळी हसायला लागतात. हे हसू ज्यानं चारशे वर्षांपूर्वी जाणूनबुजून पेरलं तो पैठणचा एक संस्कृत पंडित होता. संत एकनाथांच्या चरित्रातली ही बाजू आज तुमच्यापुढं मांडतो.

नाथांचा जन्म १५३३ च्या सुमारास पैठणला झाला. थोर वारकरी भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईबाप लहानपणीच गेले, आजोबांनी वाढवलं. पोरवयातच ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी. म्हणजे घरात अध्यात्म आणि कचेरीत वह्या, दोन्ही एकाच छपराखाली. तिथली एक आख्यायिका सांगतात. हिशेबात एका पैची चूक लागेना. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले. चूक सापडली तशी आनंदाच्या भरात टाळी वाजवून हसले. त्या टाळीनं स्वामी जागे झाले, आणि पैपायी एवढं भान हरपतं तर देवापायी का हरपू नये, असं त्यांनी शिष्याला समजावलं. तलाठी-ग्रामसेवक मंडळींना ती टाळी कशी असते हे सांगायला नको. मार्चअखेर कुणाला चुकलाय?

ही कचेरी नाथांच्या अंगात भिनली. पुढं त्यांनी भारुडं रचली त्यात अर्जदस्त आहे, ताकीदपत्र आहे, अभयपत्र आहे. सरकारी कागदाचा थाट तोच, पण धनी मात्र परमेश्वर.

बाकीचं थोडक्यात सांगतो. पैठणला परतून गिरिजाबाईंशी संसार केला. एकनाथी भागवत १५७३ साली काशीत पुरं केलं. १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ती आज आपल्या हाती आहे ती त्यांच्या कष्टामुळं. एवढ्यावरही माणूस अमर झाला असता.

पण ज्याला पोथी वाचता येत नाही त्याचं काय? नाथांनी आजूबाजूला बघितलं. वासुदेव दारात येतो, जोशी पंचांग सांगतो, गोंधळी संबळ वाजवतो, पोरी फुगडी घालतात, पोरं हुतुतू खेळतात. त्यांनी हे सगळं उचललं. सुमारे तीनशे भारुडं त्यांच्या नावावर आहेत, आणि बहुतेकांत बोलणारा कुणीतरी सोंग आहे. म्हणून भारूड नुसतं वाचलं तर अर्धंच हाती लागतं. त्याला अंग लागतं.

विंचवाचंच घ्या. बुवा एका पायावर उड्या मारतो, हात झटकतो, घाम पुसतो, कमरेत वाकून कळवळतो. ज्याला पाचट उचलताना विंचू चावलाय तो सगळ्यात जास्त हसतो, कारण तो ठणका त्याच्या ओळखीचा असतो. आणि हसता हसता कळतं, की हा विंचू कामक्रोधाचा आहे आणि उतारा सत्त्वगुणाचा. (खरा विंचू चावला तर मात्र उतारा शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा.)

बहिऱ्याचं सोंग बघा. कानाला हात लावून भलतंच ऐकणारा बुवा हशा घेतो. पण नाथांचा बहिरा बहिरा झालाय तो हरिकथा न ऐकल्यानं. तसे बहिरे तर समोरच बसलेत! सासुरवाशीण देवीपुढं पदर पसरून सासू, सासरे, नणंद, नवरा अशा एकेकाची वाट लावायला सांगते. बाया तोंडाला पदर लावून हसतात. घर रिकामं झाल्यावर ती एकटी उरते, आणि तिथं अर्थ फिरतो. सासरची माणसं म्हणजे मनातले विकार. एकटं उरायचं ते देवाबरोबर.

सगळ्यात धाडसाचं सोंग महाराचं. ज्या पैठणात सावलीचाही विटाळ मानत, तिथं एका ब्राह्मणानं महाराच्या तोंडून 'मी' म्हटलं. जोहार घालायचा म्हणजे वाकायचं. पण वाकून तो देहरूपी गावाचा हिशेब देतो आणि पाटलालाच जागं करतो. नाथांनी त्याची नक्कल करून हसू काढलं नाही, शहाणपण त्याच्या तोंडी दिलं. गावात तसा जोहार आता कुणाला घालावा लागत नाही, हे फार बरं झालं. पण आजही एखादा बुवा जातीची बोली वेडावून टाळ्या घेतो. ते नाथांचं भारूड नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

श्राद्धाचं अन्न त्यांनी अस्पृश्यांना वाढलं आणि पैठणकरांचा रोष ओढवून घेतला, असं परंपरा सांगते. 'धर्मात्मा' या १९३५ सालच्या प्रभातच्या बोलपटात बालगंधर्वांनी रंगवलेले नाथ हेच.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. नाथषष्ठीला आजही पैठणला दिंड्या लोटतात. जायकवाडीच्या जलाशयाला नाव त्यांचंच, नाथसागर.

आता एक कामाची गोष्ट. अलीकडं साक्षरता, ग्रामस्वच्छता, दारूबंदी अशा विषयांसाठीही भारूड बोलावतात. त्यात वावगं काही नाही, नाथांनीही चालू काळातलेच विषय घेतले. पण वेळ थोडा म्हणून पुष्कळदा सोंग तेवढं ठेवतात आणि निरूपण कापतात. मग बुवा उड्या मारून खाली बसतो, आणि विंचू कशाचा होता ते पोरांना कळतच नाही. तेव्हा सुपारी देताना बुवांना तेवढं विचारून घ्या, आणि सत्काराचे हारतुरे कमी करून अर्धा तास त्यांच्या पदरात जास्त टाका.