रेल्वे तिकिटाच्या भोकांवरून सुचलेली आयडिया, आज त्यावर कंपन्यांचे रिपोर्ट चालतात

आज मोठ्या कंपनीत साहेब विचारतात, गेल्या तिमाहीत कोणत्या विभागात, कोणता माल, कोणत्या गिऱ्हाइकांनी घेतला? दोन क्लिक आणि रिपोर्ट समोर. काळ, जागा, माल, गिऱ्हाईक ही त्या डेटाची वेगवेगळी अंगं, म्हणजेच डायमेन्शन्स. एकच डेटा असा अनेक अंगांनी फिरवून बघायचा, यालाच म्हणतात मल्टी-डायमेन्शनल अ‍ॅनालिसिस. बिझनेस इंटेलिजन्सचे रिपोर्ट यावरच उभे असतात.

पण कॉम्प्युटरचा पत्ता नसताना हे काम एका गड्याने विजेवर करून दाखवलं होतं. त्याचं नाव हर्मन हॉलरिथ.

२९ फेब्रुवारी १८६० ला अमेरिकेतल्या बफेलो शहरात, जर्मनीहून आलेल्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. १८७९ मध्ये कोलंबियातून इंजिनिअर होऊन तो जनगणनेच्या कामाला लागला.

तिथली परिस्थिती बेकार होती. १८८० च्या जनगणनेत माणसं ५ कोटी आणि सगळे तक्ते हाताने बनवायचे. त्यात सात-आठ वर्षं गेली. डोकी मोजणं तसं सोपं, खरी गोची होती जोड्या लावण्यात. म्हणजे परदेशात जन्मलेले, तिशीतले, लग्न झालेले आणि शेती करणारे पुरुष किती? प्रश्न बदलला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

जनगणनेतले वरिष्ठ डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुचवलं की यासाठी मशीन हवं. हॉलरिथने ते डोक्यात घेतलं.

त्याने आधी कागदी पट्टी वापरून पाहिली. पण पट्टीवरची एक नोंद शोधायला अख्खी पट्टी फिरवावी लागायची. मग त्याला रेल्वेचे कंडक्टर आठवले. तिकीट दुसऱ्याने वापरू नये म्हणून ते प्रवाशाच्या केसांचा रंग, डोळे असं वर्णन तिकिटावर भोकं पाडून नोंदवायचे.

झालं, एका माणसाला एक कार्ड! वय, लिंग, जन्मस्थान, धंदा अशा प्रत्येक गोष्टीला कार्डावर ठरलेली जागा. मशीनमध्ये कार्ड ठेवून दांडा दाबला की भोकांतून पिना खालच्या पाऱ्यात बुडायच्या, वीज वाहायची आणि तबकडीचा काटा एक घर पुढे सरकायचा. तारांची जोडणी बदलली की तीच कार्डं वेगळ्या प्रश्नाचं उत्तर द्यायची.

१८८९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याच वर्षी जनगणना खात्याने स्पर्धा घेतली. तक्ते बनवायला इतर दोन पद्धतींना साडेचव्वेचाळीस आणि साडेपंचावन्न तास लागले. हॉलरिथचं काम साडेपाच तासांत उरकलं. १८९० च्या जनगणनेत ६ कोटी २६ लाख लोकसंख्येचा पहिला आकडा काही आठवड्यांतच बाहेर आला.

पण जनगणना दहा वर्षांतून एकदा. मधल्या काळात खायचं काय?

म्हणून तो धंद्याकडे वळला. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेला वर्षाला मालाच्या लाखो पावत्यांचा हिशोब करावा लागायचा. पहिला प्रयोग फसला आणि मशीन परत आलं. हॉलरिथकडे पैशांची चणचण होती, तरी तो हटला नाही. इथे नुसती मोजणी कामाची नव्हती, वजन आणि पैशांची बेरीज हवी होती. त्याने बेरीज करणारं मशीन बनवलं आणि १८९६ मध्ये रेल्वे राजी झाली. कोणत्या स्टेशनवरून कोणता माल किती गेला, पैसा किती आला, हे आता वेळेत कळू लागलं. त्याच वर्षी त्याने टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली.

गडी मात्र हट्टी. भाड्यावरून जनगणना खात्याशी वाजलं, पण त्याने माघार घेतली नाही. १९०५ मध्ये त्याची मशीनं तिथून गेली आणि खात्याने स्वतःची मशीनं बनवायला घेतली. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं.

१९११ मध्ये त्याने कंपनी विकली. ती इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ मध्ये त्या एकत्रित कंपनीचं नाव झालं आयबीएम. १७ नोव्हेंबर १९२९ ला वॉशिंग्टनमध्ये हॉलरिथ गेला.

१९९३ मध्ये एडगर कॉड यांनी अशा विश्लेषणाला ओलॅप हे नाव दिलं. कार्डं गेली, पारा गेला. पण आजही एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्ये एक रकाना उचलून दुसरीकडे टाकला, की काम तेच होतं, जे हॉलरिथ तारा बदलून करायचा.